न फुटणारी संख्या

टर्नरबाईंनी आयुष्यात कधी लेथला हात लावला नव्हता. लेथवर लोखंड कातणारे टर्नर होते ते त्यांचे यजमान. इमारतीत सगळे त्यांना टर्नर म्हणायचे, म्हणून या आपोआप टर्नरबाई झाल्या. कामावर मात्र त्या मावशी होत्या. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात धुलाईखाना होता आणि तिथल्या घडी विभागात त्यांची निम्मी हयात गेली होती.

वरच्या मजल्यांवरून मळक्या चादरींचे गठ्ठे भिंतीतल्या नळकांड्यातून धपकन खाली येत. एका टोकाला धुणारी यंत्रं, मधे इस्त्रीचे तापलेले रोलर, आणि दुसऱ्या टोकाला टर्नरबाई आणि त्यांची जोडीदारीण. रोलरमधून चादर बाहेर आली की दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, ताणायची, एक पाऊल पुढे, घडी. पुन्हा एक पाऊल, पुन्हा घडी. चादर इतकी गरम असे की नव्या बाया पहिल्या आठवड्यात रडकुंडीला येत. टर्नरबाईंच्या बोटांना आता ते कळत नसे. कळायचं ते खांद्यांना आणि कमरेला. आणि आज घातलेल्या घड्या उद्या-परवा पुन्हा मळून त्याच नळकांड्यातून खाली यायच्या. जोडीदारीण म्हणायची, "मावशी, आपण मेलो तरी हा ढीग काही संपायचा नाही." टर्नरबाई नुसती मान हलवायच्या. बोलायलाही ताकद लागते.

घरी आल्यावर त्या थोडा वेळ दाराशीच स्टुलावर टेकायच्या. चपला काढायला वाकवत नसे. आतून टर्नर विचारायचे, "आलीस?" आणि त्या म्हणायच्या, "नाही, वाटेत आहे." हा विनोद इतका जुना झाला होता की दोघंही त्यावर हसत नसत, पण एखाद्या दिवशी तो झाला नाही तर चुकल्यासारखं वाटे.

टर्नर घरी बसले त्याची गोष्ट वेगळीच होती. दात्यांची चाकं बनवणाऱ्या कारखान्यात ते लेथवर होते आणि हाताला एकदम सफाई. एके दिवशी त्यांना जाणवलं की यंत्राला बारीक कंप येतोय. त्यांनी फिटरला बोलावलं. फिटरने बेअरिंगं बदलली, पायाचे नट आवळले, पाणसळ लावून पाहिली. कंप जाईना. टर्नर त्याच्यावर खेकसले, "तुला काम येत नाही का?" फिटर वयाने मोठा होता, शांत माणूस. त्याने लेथ बंद केला आणि म्हणाला, "आता हँडलवर हात ठेवा बरं." बंद यंत्राच्या हँडलवर टर्नरांचा हात थरथरत होता.

डॉक्टरांनी कंपवात म्हटलं. कारखान्याने वेळेआधी निवृत्त केलं. लेकीचं, चिमीचं, नुकतंच शिक्षण संपून तिला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. घरात राहिली ती दोघं. बाई कामावर गेल्या की टर्नर खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसत. पेपर वाचून किती वाचणार? रस्ता बघून किती बघणार?

त्यांच्या खोलीचा नंबर होता त्र्याहत्तर. एका संध्याकाळी बाई दारात बसलेल्या असताना टर्नर म्हणाले, "अगं, एक गंमत बघितलीस का? त्र्याहत्तर फुटत नाही."

"काय फुटत नाही?"

"संख्या. त्र्याहत्तरला एक आणि स्वतः त्र्याहत्तर सोडून दुसऱ्या कशानेही भाग जात नाही. आणि त्यातला तीन पुसला तर उरतो सात. तोही फुटत नाही."

बाई म्हणाल्या, "बरं. दूध आणलं का हो कोणी वर?"

टर्नरांना हे नवीन नव्हतं. त्यांच्या कामात संख्या फोडाव्याच लागत. तीनशे एक्क्याण्णव दात्यांचा हिशोब बसवायचा असेल तर सतरा गुणिले तेवीस असे तुकडे करून दोन लहान चाकांवर काम भागवता येतं. तीनशे सत्त्याण्णव असेल तर हात टेकायचे, कारण ती फुटतच नाही. शाळेत तिला मूळ संख्या म्हणतात; कारखान्यात न फुटणारी. कारखान्यातलं एक जाडजूड हँडबुक त्यांच्याकडे होतं आणि त्याच्या मागच्या पानांत साडेनऊ हजारांपर्यंतच्या संख्या कशाने फुटतात, कोणत्या फुटत नाहीत, याची कोष्टकं होती.

तर टर्नरांनी खुर्चीत बसल्या बसल्या एक खेळ काढला. त्र्याहत्तरच्या उजवीकडे आणखी एक आकडा असा लावायचा की नवी संख्याही फुटणार नाही. मग त्याच्यापुढे आणखी एक. कुठपर्यंत जाता येतं, बघायचं. उजवीकडे सम आकडा किंवा पाच लावून उपयोग नाही, संख्या लगेच फुटते. म्हणजे उरतात एक, तीन, सात, नऊ. त्यातही सगळ्या आकड्यांची बेरीज तीनच्या पाढ्यात आली की संपलं. बाकीच्यांना मात्र एकेका न फुटणाऱ्या संख्येने भागून बघत बसायचं.

सातशे तेहतीसची वाट धरून पाहिली, ती पाच आकड्यांवर अडली. मग सातशे एकोणचाळीस. त्याच्यापुढे फक्त तीन चालला: सात हजार तीनशे त्र्याण्णव. त्याच्यापुढे फक्त नऊ: त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस. आणि इथे मोठा चमत्कार झाला. याच्यापुढे एक लावा, तीन लावा, सात लावा, नऊ लावा, चारही संख्या न फुटणाऱ्या! टर्नर त्या दिवशी इतके खूष होते की बाई दारात टेकायच्या आतच त्यांनी सांगायला सुरुवात केली. "चारही दारं उघडी! आजवर एकाही ठिकाणी असं झालं नाही."

"मग जा की आत," बाई म्हणाल्या.

गेले ते आत. नऊच्या दारातून गेले तर पुढे भिंत. सातच्या दारातही भिंत. तीनच्या दाराने एक पाऊल पुढे नेलं आणि तिथे दोन वाटा फुटल्या, दोन्ही आंधळ्या. यात दीड-दोन वर्षं गेली. हाताचा कंप वाढत चालला होता, आठचे शून्य आणि सातचे एक व्हायला लागले होते. शेवटी एकच्या दारातून गेल्यावर वाट सापडली. सात आकडी एक संख्या मिळाली, आणि तिच्यापुढे तीन लावला की आठ आकडी होत होती: सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. ती फुटते की नाही, एवढंच बघायचं राहिलं होतं. आणि नेमका तिथे हात संपला. स्वतःचा भागाकार स्वतःलाच वाचता येईना.

"अगं, जरा लिहितेस का?" त्यांनी विचारलं.

बाई भडकल्या. "दिवसभर चादरी ओढून माझ्या हातांचं लाकूड झालंय. आणि आता तुमची गणितं? आठवीत सोडली मी शाळा. का सोडली? याच भागाकारांनी."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पाहिलं की टर्नरांनी पेन्सिल रबराने बोटांना बांधून घेतली होती आणि कागद फाटला होता. चहा झाल्यावर बाई समोर येऊन बसल्या. "सांगा," म्हणाल्या. "पण पंधरा मिनिटं. त्याच्यावर एक मिनिट नाही."

सातने भागलं, दोन उरले. अकराने भागलं, चार उरले. तेराने भागलं, आठ उरले. टर्नर हँडबुकातून पुढची न फुटणारी संख्या सांगायचे आणि बाई जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या पानांवर भागाकार मांडायच्या. सुरुवातीला त्यांना एकेका भागाकाराला घाम फुटायचा. पंधरा मिनिटांत तीन व्हायचे.

"कुठपर्यंत भागायचं हो?" एकदा त्यांनी विचारलं. "सात कोटींपर्यंत? तोवर आपली हाडं उरणार नाहीत."

"छे गं! साडेआठ हजारांच्या थोडं पुढे. भागाकाराचं उत्तर भाजकाच्या बरोबरीला आलं की थांबायचं. त्याच्यापुढच्या मोठ्या संख्येने भाग गेला असता तर तिची लहान जोडीदारीण आपल्याला आधीच भेटली असती."

हे बाईंना पटलं. जोडीदारीण म्हणजे काय ते त्यांना नीट माहीत होतं.

साडेआठ हजारांपर्यंत म्हटलं तरी हजाराहून जास्त भागाकार होते. संध्याकाळची पंधरा मिनिटं हळूहळू अर्ध्या तासाची झाली. बाईंची कटकट चालूच असे, पण आता ती भागाकार मांडता मांडता चाले. धुलाईखान्यातही चहाच्या सुट्टीत त्या गठ्ठ्यांवरच्या फाटक्या चिठ्ठ्यांच्या मागे काहीतरी खरडत बसू लागल्या. जोडीदारणीने डोकावून पाहिलं. "मावशी, लॉटरीचा नंबर काढताय ना? मला विसरू नका हं."

"विसरेन कशी? पहिलं बक्षीस तुलाच," बाई म्हणाल्या. "घे, पाचशे नऊने भाग."

जोडीदारीण त्यानंतर चहा दुसऱ्या बाकावर घेऊ लागली.

तीन हजारांच्या पुढे कुठेतरी एका संध्याकाळी शेवटची वजाबाकी केली आणि खाली शून्य आलं. बाई कागदाकडे बघतच राहिल्या. टर्नरांनी विचारलं, "किती उरले?" बाईंनी कागद त्यांच्याकडे फिरवला. टर्नरांचा चेहरा एकदम उतरला. "फुटली," ते म्हणाले. "फुटली होय. असू दे. असं होतंच." आणि त्यांनी हँडबुक मिटलं.

बाई उठल्या, कणीक मळायला घेतली, अर्ध्यावर तशीच टाकली आणि पिठाच्या हातांनी परत येऊन बसल्या. सगळा भागाकार पहिल्यापासून तपासला. मधल्या एका वजाबाकीत हातचा विसरला होता. "अहो!" त्या ओरडल्या, "नाही फुटली! मीच गाढव!" टर्नर हसले, खूप दिवसांनी मोठ्याने हसले, आणि मग त्यांना खोकला लागला. कणकेचे ठसे त्या कागदावर तसेच वाळले.

त्या दिवशी बाईंना कळलं की आपल्याला ती फुटायला नको आहे.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण त्यांच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती. आयुष्यभर त्यांनी जे जे काम केलं ते दुसऱ्या दिवशी पुन्हा करायला लागलं होतं. चादरी, भांडी, स्वयंपाक, टर्नरांना उठवणं-बसवणं. या एकाच कामाचं तसं नव्हतं. पाचशे नऊने एकदा भागून पाहिलं की पाचशे नऊचं काम जन्मात पुन्हा करायला नको.

टर्नरांची तब्येत मात्र उतरणीला लागली. आवाज बारीक झाला. गिळताना ठसका लागायचा. संध्याकाळी दोन संख्या सांगितल्या की त्यांची मान छातीवर यायची. बाई हळूच त्यांच्या मांडीवरून हँडबुक काढून घेत आणि पुढचे भागाकार एकट्याच करत. नंतर संध्याकाळी अंगात त्राणच उरेना, म्हणून त्या पहाटे चहाचं आधण ठेवून करू लागल्या. टर्नरांनी एकदा विचारलं, "अजून करतेस तू ते?" बाई म्हणाल्या, "तुम्हीच तर लावून दिलंत मागे."

चिमी सुट्टी काढून आली तेव्हा बाई सहा हजारांच्या पुढे होत्या. चिमीने घर पाहिलं. वडील खुर्चीत एका बाजूला कललेले, आई डोळ्यांखाली काळं घेऊन पहाटे टेबलाशी वाकलेली, कॅलेंडरच्या पानांची चवड.

"आई, हे काय चाललंय?"

"बाबांची संख्या गं. फुटते का बघतेय. सहा हजार दोनशे अकरावर आलेय."

चिमीने खिशातून फोन काढला. संख्या विचारली. टर्नरांनी खुर्चीतून सांगितली, न अडखळता, खणखणीत. चिमीने आकडे टाकले, थोडं खालीवर केलं आणि तिचा चेहरा उजळला.

"बाबा! मूळच आहे ही! आणि नुसती मूळ नाही, अहो, ही प्रसिद्ध आहे. उजवीकडून एकेक आकडा काढत गेलं तरी प्रत्येक वेळी मूळ संख्याच उरते, अशा सगळ्या संख्यांमध्ये ही सगळ्यात मोठी! याच्यापुढे कोणी जाऊच शकत नाही."

"जाऊच शकत नाही?" टर्नर पुढे सरकले. "कोणीच?"

"कोणीच नाही. पुढे एक किंवा सात लावला तर तीनने फुटते. नऊ लावला तरी फुटते. तीन लावला तर..." तिने पुन्हा फोनवर बोट फिरवलं, "एकशे सत्तावीसने."

"एकशे सत्तावीस!" टर्नरांनी टाळी वाजवायचा प्रयत्न केला, हात हातावर बसला नाही, पण डोळे लहान मुलासारखे झाले होते. "चिमे, अगं, एकशे सत्तावीस दात्यांचं चाक! पाच इंच म्हणजे बरोबर एकशे सत्तावीस मिलिमीटर. इंची लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर ते चाक पाहिजेच. ते फुटत नाही ना, म्हणून त्याच्या जागी दुसरं लावता येत नाही. मी किती वेळा चढवलंय ते!" मग खुर्चीत मागे टेकून त्यांनी मोठा श्वास सोडला. "म्हणजे संपलं. रस्ताच संपला. सुटलो बाबा."

बाई उठल्या. चहाचं भांडं घासायला घेतलं. ते आधीच घासलेलं होतं.

दुपारी चिमी दळण आणायला निघाली, बाईही तिच्याबरोबर खाली उतरल्या. जिन्यात त्यांनी तिला थांबवलं.

"तुला कोणी विचारलं होतं?"

चिमीला काही समजेना. "काय विचारलं होतं?"

"उत्तर."

"आई, अगं, तू मरमर करतेयस. आरशात बघितलंस का स्वतःला? दिवसभर ते काम, घरी बाबांचं सगळं, आणि वर पहाटे उठून हे. मी म्हटलं, निदान एक ओझं तरी उतरेल."

"मी दमते ती चादरींनी," बाई म्हणाल्या. "याने नाही दमत."

"पण उत्तर आधीपासून माहीत आहे सगळ्यांना. कितीतरी वर्षांपासून."

"मला नव्हतं माहीत."

चिमी कठड्याला टेकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना तिची दया आली आणि स्वतःचा रागही आला. लेक चार दिवसांसाठी येते आणि आपण तिला जिन्यात रडवतो. "चल, गिरणी बंद होईल," त्या म्हणाल्या आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. त्या विषयावर दोघी पुन्हा बोलल्या नाहीत. चिमी जाईपर्यंत बाईंनी तिला आवडतं ते सगळं करून घातलं आणि चिमीने आईला एकही भांडं घासू दिलं नाही.

त्यानंतर कॅलेंडरची पानं कपाटावर गेली. टर्नर खूष होते, येईल त्याला एकशे सत्तावीसची गोष्ट सांगायचे. दूधवाल्याला सांगितली, वरच्या मजल्यावरच्या आजोबांना दोनदा सांगितली. बाई त्यांना मधे तोडत नसत. त्यांना स्वतःला मात्र पहाटे जाग येई आणि काय करायचं ते सुचत नसे. चहा लवकर व्हायचा, एवढंच.

पुढच्या थंडीत टर्नरांच्या छातीत कफ झाला आणि तो उतरेना. बाईंच्याच इस्पितळात, पाचव्या मजल्यावर त्यांना ठेवलं. बाई सकाळी वर जाऊन त्यांचं तोंड पुसायच्या, मग जिना उतरून तळघरात यायच्या, जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वर. सुपरवायझर म्हणाली, "मावशी, रजा घ्या ना." बाई म्हणाल्या, "रजा घेऊन वर नुसती बसू? तिथे एकच खुर्ची आहे, तीही मोडकी." शेवटच्या काही दिवसांत टर्नर फारसं बोलत नव्हते. एकदा त्यांनी चादरीची कड चिमटीत धरली आणि विचारलं, "ही तुझी घडी?" बाईंनी पाहिलं. घडीच्या रेघा सरळ होत्या, पण तशा सगळ्यांच्याच असतात. "माझीच," त्या म्हणाल्या.

ते गेले तेव्हा बाई खाली रोलरपाशी होत्या. वॉर्डातली नर्स स्वतः खाली आली. यंत्रांच्या आवाजात तिचं काही ऐकू आलं नाही, पण तिच्याकडे बघून जोडीदारणीने हातातले कोपरे सोडले आणि बाईंना धरलं. गरम चादर दोघींच्या मधे जमिनीवर पडली.

सगळं आटोपून बाई कामावर परतल्या त्या दिवशी, भिंतीतल्या नळकांड्यातून पाचव्या मजल्याचे गठ्ठे खाली येताना बघून त्यांच्या मनात आलं की त्या दिवशीची चादरही अशीच आली असणार. कोणीतरी ती धुतली असेल, घडी घातली असेल, आता ती कुठल्या पलंगावर असेल कोण जाणे. चादरींवर इस्पितळाचा शिक्का सोडला तर काहीच खूण नसते. त्या क्षणभर थबकल्या. रोलरमधून पुढची बाहेर आली. जोडीदारीण हलकेच म्हणाली, "मावशी, धरताय ना?" बाईंनी कोपरे धरले.

मग चिमीनेच सुपरवायझरकडे रजा मागून त्यांना आपल्याकडे नेलं. तिचं घर छान होतं, उजेडाचं. बाई तिथे काही आठवडे राहिल्या, सोफ्यावर बसून टीव्ही पाहिला, चिमीच्या मैत्रिणींशी बोलल्या. मग म्हणाल्या, "निवृत्तीला थोडंच राहिलंय, ते पुरं करते." चिमीने खूप समजावलं, शेवटी बस स्टँडवर आणून सोडलं. खिडकीतून हात आत घालून ती म्हणाली, "आई, त्या दिवशी मी..."

"असू दे गं," बाई म्हणाल्या. "बाबांना केवढा आनंद झाला होता. तेवढं बरं झालं."

आणि परत आल्यावर एका पहाटे त्यांनी स्टुलावर चढून कपाटावरची पानं खाली काढली. धूळ झटकली. सहा हजार दोनशे अकराचा भागाकार अर्धाच राहिला होता. तो पुरा केला. तीन हजार तीनशे एकोणनव्वद उरले. उत्तर माहीत होतं. सगळ्या जगाला माहीत होतं. त्यांनी हँडबुकाचं पान उलटून पुढची संख्या पाहिली.

आता संख्या सांगायला कोणी नव्हतं, म्हणून त्या स्वतःच मोठ्याने वाचायच्या आणि मग भागायच्या. कधी दोन व्हायचे, कधी सहा. ज्या दिवशी गुडघे फार दुखत त्या दिवशी एकही नाही. भाजक वाढत चालला तसं उत्तर खाली येत चाललं. अकरा हजार, दहा हजार, नऊ हजार. शेवट जवळ आला होता, हे बाईंना दिसत होतं. घाई मात्र केली नाही. हातचा राहायला नको.

शेवटचा भागाकार आठ हजार पाचशे सत्त्याण्णवचा होता. भाग गेला आठ हजार सहाशे वेळा आणि खाली चार हजार नऊशे तेहतीस उरले. भाजक आणि उत्तर जवळजवळ बरोबरीला आले होते. पुढच्या संख्येला उत्तर भाजकाच्याही खाली गेलं असतं. बाईंनी तो भागाकार तीनदा तपासला. खिडकीबाहेर उजाडलं होतं, खाली दूधवाल्याची सायकल वाजत होती. त्यांना वाटलं होतं रडू येईल, किंवा हसू येईल. दोन्ही आलं नाही. आली ती झोप, इतकी की टेबलाला धरून उठावं लागलं.

कामावर गेल्यावर त्या थेट सुपरवायझरच्या टेबलाशी गेल्या.

"दोन दिवसांची रजा पाहिजे."

सुपरवायझरने चष्मा वर केला. इतक्या वर्षांत मावशींनी आपणहून रजा मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. "का हो मावशी? बरं नाही का?"

"बरं आहे," बाई म्हणाल्या. "झोपायचंय."

सुपरवायझरने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "दोन दिवस पुरतील?"

बाईंनी थोडा विचार केला. "चार द्या," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसाची पाळी संपवायला रोलरकडे गेल्या.